आधी डेल्को, मग कार्बोरेटर

17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने मस्टँग लोकांपुढे आणली. सिनेमात आणि पोस्टरांवर दिसते ती आठ सिलिंडरची, गुरगुरणारी मस्टँग. पण जाहिरातीत छापलेल्या मूळ किमतीला जी गाडी मिळायची तिच्या बॉनेटखाली सहा सिलिंडर एका ओळीत बसवलेलं साधं इंजिन असायचं. पहिले काही महिने ते 170 घनइंचांचं, म्हणजे 2.8 लिटरचं होतं आणि त्याची ताकद 101 अश्वशक्ती होती. नंतर 200 घनइंचांचं, 3.3 लिटरचं आलं. ते मिनिटाला 4400 फेऱ्यांना 120 अश्वशक्ती देत असे. हे इंजिन मस्टँगसाठी बनलेलंच नव्हतं. 1960 सालच्या फाल्कन या काटकसरी कुटुंबाच्या गाडीसाठी जे 144 घनइंची इंजिन केलं होतं, त्याचीच ही वाढलेली भावंडं. फाल्कन पुढे ऑस्ट्रेलियात गेली, अर्जेंटिनात गेली आणि अर्जेंटिनात तर 1991 पर्यंत बनत राहिली. त्यामुळे ‘या इंजिनाला नवा कार्बोरेटर कोणता बसवू?’ हा प्रश्न आजही अनेक देशांतल्या गॅरेजांत विचारला जातो.

प्रश्न विचारायची वेळ येते ती साधारण एकाच वाटेने. मूळचा ऑटोलाइट 1100 हा एका घशाचा कार्बोरेटर आता साठीला टेकलेला असतो. घशातल्या झडपेचा, म्हणजे बटरफ्लायचा, दांडा घासून ढिला होतो आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. वरचं झाकण वाकतं, पॅकिंगमधून पेट्रोल पाझरतं. ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम कडक होतो आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पुढे जाण्याऐवजी आचका देते. मालक कॅटलॉग उघडतो, त्यात चकचकीत दोन घशांचा वेबर दिसतो, सोबत ‘थेट बसणारा’ अडॅप्टर मिळतो, आणि व्यवहार होतो. महिनाभराने गाडी पूर्वीपेक्षा मरगळलेली असते. मग पेट्रोल मोजून सोडणारे जेट बदलणं सुरू होतं, आणि ते संपत नाही.

चूक जेटची नसते. या इंजिनात कार्बोरेटर एकटा राहत नाही. त्याचं डिस्ट्रिब्युटरशी, आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत डेल्कोशी, लग्न लागलेलं असतं. ते लग्न कसं आहे हे न बघता कार्बोरेटर निवडणं म्हणजे निम्म्या जोडीची खरेदी.

हे समजण्यापुरतं कार्बोरेटरचं काम पाहू. इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरच्या घशातल्या अरुंद भागातून, व्हेंच्युरीतून, जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून मोजून वर येतं आणि त्या झोतात फवारलं जातं. खाली बटरफ्लाय असतो. तुमचा पाय प्रत्यक्षात त्यालाच फिरवतो. म्हणजे कार्बोरेटरमध्ये दोन वेगवेगळे व्हॅक्यूम नांदतात. व्हेंच्युरीतला व्हॅक्यूम हवा जितकी जास्त वाहते तितका वाढतो. बटरफ्लायखालचा, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम मात्र उलटा वागतो: पाय काढला की कडक, पाय दाबला की नाहीसा. हे दोन्ही लक्षात ठेवा. सगळी गोष्ट इथेच अडकलेली आहे.

आता ठिणगी. पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. इंजिन वेगाने फिरू लागलं की ठिणगी आणखी आधी हवी. मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, तेव्हाही ठिणगी आधीच हवी. उलट चढावर पाय दाबला की मिश्रण दाट होतं, झटकन जळतं. तिथे ठिणगी मागे घेतली नाही तर इंजिन नॉकिंग करतं. बहुतेक गाड्यांच्या डेल्कोत यासाठी दोन यंत्रणा असतात. वेगाचा हिशेब फिरणारी वजनं ठेवतात. भाराचा हिशेब व्हॅक्यूमचा डायफ्राम ठेवतो.

फोर्डने 1940च्या दशकाच्या अखेरीस यातली वजनं काढूनच टाकली. त्या डेल्कोचं नाव ‘लोड-ओ-मॅटिक’. त्यात फक्त एक डायफ्राम आणि दोन बारीक स्प्रिंगा. मग वेगाचा हिशेब कोण ठेवणार? कार्बोरेटर! वेग वाढला की हवेचा प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की व्हेंच्युरीतला व्हॅक्यूम वाढतो. तोच एका नळीने डेल्कोकडे पाठवायचा. त्यात बटरफ्लायजवळचा व्हॅक्यूमही मिसळायचा, म्हणजे भाराचाही निरोप पोहोचला. एका नळीत दोन निरोप. स्वस्त, हलकं आणि, मला विचाराल तर, फार हुशार काम. पण हुशारीची किंमत अशी की हा डेल्को विशिष्ट कार्बोरेटरशिवाय आंधळा आहे.

ऑटोलाइट 1100च्या अंगावर, बुडाजवळ, एक छोटा गोल व्हॉल्व्ह पेचासारखा बसवलेला दिसतो. त्याला इंग्रजीत ‘स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह’ म्हणतात, आणि जाणकार नुसतं ‘एससीव्ही’. जोरात पाय दाबल्यावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम कोसळतो, तेव्हा हा व्हॉल्व्ह मध्ये पडून डेल्कोकडे जाणारा निरोप आवरतो, म्हणजे ठिणगी जरुरीपेक्षा पुढे पळत नाही. एवढासा हा भाग पूर्ण इंजिनाचं टायमिंग सांभाळतो.

आता त्या वेबरकडे परत या. वेबरवर व्हॅक्यूमची नळी लावायला एक नळकांडं असतं, पण ते बटरफ्लायच्या जरा वरच्या छिद्राशी जोडलेलं. व्हेंच्युरीचा निरोप त्यात नाही. परिणाम काय होतो? मध्यम पायावर ठीक चालतं. पण रस्ता मोकळा मिळाला आणि पाय पूर्ण दाबला की त्या छिद्राचा व्हॅक्यूम जवळपास शून्य होतो आणि ज्या वेगाला ठिणगी सर्वांत आधी हवी त्याच वेगाला ती मागे येते. इंजिन तापतं, पेट्रोल खातं, ओढ नाही. काही जण मग नळी थेट मॅनिफोल्डला लावतात. तेव्हा गाडी उभी असताना ठिणगी पूर्ण पुढे आणि चढावर पूर्ण मागे. दोन्ही चूक. याला कुठलाही जेट उत्तर नाही, कारण आजार पेट्रोलचा नाहीच.

उलटी जोडीही बिघडते. 1968च्या मॉडेलपासून फोर्डने या इंजिनांना वजनं आणि डायफ्राम दोन्ही असलेला नेहमीसारखा डेल्को दिला आणि त्याबरोबर आलेल्या 1100मधून एससीव्ही गेला. नवा डेल्को आणि एससीव्ही असलेला जुना कार्बोरेटर एकत्र आले की भाराचा निरोप अशक्त आणि अवेळी पोहोचतो. गाडी चालते, पण हायवेवर ॲव्हरेज देत नाही.

म्हणून खरेदीआधी आपल्या गाडीत काय आहे ते स्वतः पाहा. गाडी 1966ची आहे म्हणून डेल्कोही 1966चाच असेल असं धरू नका. साठ वर्षांत किती हात लागलेत कोण जाणे. तपासणी सोपी आहे. डेल्कोची टोपी काढा, आतला रोटर बोटांत धरून फिरायच्या दिशेने हलकेच वळवा. तो थोडा वळून स्प्रिंगने परत आला, तर खाली वजनं आहेत. अजिबात हलला नाही, तर बहुधा लोड-ओ-मॅटिक आहे. किंवा वजनं गंजून अडकली आहेत, म्हणून प्लेट उचलून एकदा नजर टाकाच.

पुढचा अडथळा डोळ्यांना दिसतो, तरी लोक त्याकडे बघत नाहीत. बहुतेक इंजिनांचा इनटेक मॅनिफोल्ड बोल्टने लावलेला, वेगळा काढता येणारा असतो. फोर्डच्या या इंजिनांत तो सिलिंडर हेडबरोबरच ओतलेला आहे: हेडच्या बाजूला एक लांब पोकळ नळा, ओंडक्यासारखा, आणि त्याच्या मधोमध कार्बोरेटरसाठी एक भोक. तिसरा आणि चौथा सिलिंडर भोकाच्या जवळ, पहिला आणि सहावा दोन टोकांना. मधल्यांना आणि टोकाच्यांना सारखं मिश्रण मिळत नाही. हे कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीतही असंच होतं. आणि सगळी हवा जाणार त्या एकाच भोकातून. नळाला मोठी तोटी बसवली म्हणून गच्चीवरच्या टाकीतून येणारा पाइप काही रुंद होत नाही.

या ओंडक्यावर दोन घशांचा कार्बोरेटर अडॅप्टरने बसवला की वरची दोन भोकं खाली एका भोकात निमुळती होतात. थोडा फायदा होतो, पण खोक्यावर छापलेला आकडा इंजिनापर्यंत पोहोचत नाही. ज्यांना खरंच जास्त हवा हवी होती त्यांनी हेडच बदललं. ऑस्ट्रेलियाच्या फोर्डने 1970च्या सुमारास 250 घनइंचांच्या इंजिनासाठी वेगळा मॅनिफोल्ड असलेलं हेड आणि दोन घशांचा स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर दिला. त्याला ‘250-2व्ही’ म्हणतात आणि आज त्या हेडला अमेरिकेतही मागणी असते. अमेरिकेत ऑफेनहाउझर कंपनीने दुसरा उपाय काढला: त्याच ओंडक्याला आणखी दोन भोकं पाडून तीन एकेरी कार्बोरेटर ओळीने बसवायचे. दिसायला देखणं, मिश्रणही टोकाच्या सिलिंडरांना बरं पोहोचतं. पण तिघांचा सूर लावत बसायची हौस हवी.

किती हवा लागते याचा हिशेब मात्र कागदावर करता येतो. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या पूर्ण आकारमानाइतकी हवा घेतं. 3.3 लिटरचं इंजिन 4400 फेऱ्यांना म्हणजे मिनिटाला साधारण 7200 लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. अशा जुन्या रचनेत तीन-चतुर्थांश भरले तरी पुष्कळ. म्हणजे राहिले सुमारे 5400 लिटर. अमेरिकन कॅटलॉग घनफुटांत बोलतात, त्यांच्या हिशेबाने हे मिनिटाला 190 घनफूट. 200च्या इंजिनावरचा ऑटोलाइट 1100 साधारण 185 घनफुटांचा समजला जातो. फोर्डचे इंजिनिअर कंजूष असतील, पण अडाणी नव्हते.

या आकड्यांत एक मेख आहे. अमेरिकेत एक आणि दोन घशांचे कार्बोरेटर पाऱ्याच्या 3 इंच दाबफरकाला मोजतात, चार घशांचे 1.5 इंचाला. फरक अर्धा केला की प्रवाह वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो. त्यामुळे दोन घशांचा 287 घनफुटांचा कार्बोरेटर चार घशांच्या मापाने मोजला तर जेमतेम 200 भरतो. दोन खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने हे आधी विचारावं.

आता प्रत्यक्ष पर्याय.

पहिला पर्याय म्हणजे आहे तोच 1100 दुरुस्त करणं. डेल्को लोड-ओ-मॅटिक असेल आणि गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नये. बटरफ्लायच्या दांड्याला नवे बुश बसवायचे, झाकण सपाट घासून घ्यायचं, डायफ्राम, निडल व्हॉल्व्ह आणि पॅकिंग नवे टाकायचे, एससीव्ही जिवंत आहे का ते हाताने चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने तपासायचं. बुशचं काम लेथवर होतं. ते टाळून नुसतं किट टाकणाऱ्याची गाडी आठवडाभरात पुन्हा आयडलिंगला थरथरते.

दुसरा पर्याय दुकानातून ‘दुरुस्त करून बंद खोक्यात’ मिळणारा 1100. इथे डोळे उघडे ठेवा. असे कार्बोरेटर जुन्या ढिगातून सुटे भाग एकत्र करून उभे राहतात. 1965चं नाव लिहिलेल्या खोक्यात एससीव्ही नसलेली 1968ची बॉडी निघू शकते. फोर्डच्या भागांच्या क्रमांकात पहिलं अक्षर दशक सांगतं, पुढचा अंक साल: ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘सी 5’ म्हणजे 1965. हा क्रमांक झाकणाच्या एका स्क्रूखाली अडकवलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर असतो. बिल्ला नसेल तर बुडाजवळचा व्हॉल्व्ह शोधा. सर्व गाड्यांना चालणारे म्हणून विकले जाणारे एकेरी कार्बोरेटरही मिळतात. त्यांतल्या बहुतेकांना एससीव्ही नसतो.

तिसरा पर्याय वेबर 32/36. एदोआर्दो वेबर यांनी 1923 साली इटलीतल्या बोलोन्यात सुरू केलेल्या कंपनीचं हे नाव. आज अस्सल वेबर स्पेनमध्ये बनतात आणि नकला कुठेही. यातला 32 मिलिमीटरचा घसा आधी उघडतो, 36चा पाय बराच दाबल्यावर. त्यामुळे शहरात लहान घशावर ॲव्हरेज बरं आणि गरज पडली तर दुसरा हाताशी. जेटचे आकडे मिलिमीटरच्या शतांशांत असतात, 140 म्हणजे 1.40 मिलिमीटर, त्यामुळे बदलताना काय करतोय ते कळतं. ‘डीजीव्ही’ हाताच्या चोकचा, ‘डीजीईव्ही’ विजेच्या, ‘डीजीएव्ही’ गरम पाण्याच्या चोकचा. एक काळजी घ्या: वेबरला 2.5 ते 3.5 पीएसआय इतकाच पेट्रोलचा दाब सोसतो आणि या इंजिनाचा मूळ पंप 4 ते 6 देतो. प्रेशर रेग्युलेटर न लावल्यास निडल व्हॉल्व्ह हरतो, पेट्रोल घशातून वाहतं, आणि ‘वेबर बेकार’ असा निकाल लागतो.

चौथा पर्याय माझ्या आवडीचा आहे, कारण तो भंगार बाजारात जन्मला. फोर्डचाच दोन घशांचा 2100, पुढे मोटरक्राफ्ट नावाने आलेला. आठ सिलिंडरच्या गाड्यांवर आणि पुढे जीपवरही तो लागत असे. फ्लोट चेंबरच्या बाजूला एका वर्तुळात व्हेंच्युरीचा व्यास इंचात ओतलेला असतो. 1.08 लिहिलेला घ्या. तो 287 घनफुटांचा. 1.21चा मिळाला आणि स्वस्त मिळाला तरी सोडा: तो 351 घनफुटांचा आहे, या इंजिनाची हवा त्याच्या घशात वेगच घेत नाही, आणि वेग नाही तर पेट्रोल नीट फवारलं जात नाही. रचना इतकी साधी की रस्त्याच्या कडेला एका स्क्रू ड्रायव्हरने उघडता येतो.

वेबर असो की 2100, दोघांनाही 1968पासूनच्या पद्धतीचा डेल्को हवा. तो जुन्या इंजिनाच्या भोकात बसतो, पण खालून ऑइल पंप फिरवणारी षट्कोनी दांडी जुन्या इंजिनांत पाव इंचाची आहे आणि नंतरच्यांत 5/16 इंचाची. हे न मोजता डेल्को आणलात तर एक तर तो खाली उतरणार नाही, किंवा सैल बसेल आणि ऑइल पंप फिरणारच नाही. दुसऱ्या शक्यतेत इंजिन काही मिनिटांत संपतं.

उरलेली कामं किरकोळ वाटतात आणि खरा वेळ तीच खातात. मूळ कार्बोरेटरखाली गरम पाणी फिरणारा जाड स्पेसर असतो. थंड प्रदेशात पेट्रोल उडताना घशात बर्फ जमतो, त्यावर तो इलाज आहे. पुण्या-मुंबईच्या हवेत त्याची गरज नाही, उलट उन्हाळ्यात गाडी बंद केल्यावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळण्याची भीती जास्त. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर किकडाउनची सळई नव्या कार्बोरेटरला जोडावीच लागते. एअर क्लीनरसकट उंची मोजा. बॉनेट बंद झालं नाही हे शेवटी कळण्यात शहाणपण नाही. आणि पेट्रोल बदललंय. भारतात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. जेट थोडा मोठा करावा लागतो आणि जुन्या रबराचा प्रत्येक भाग इथेनॉल सोसणारा घ्यावा लागतो.

सगळ्याच सहा सिलिंडरच्या गाड्या इतक्या हट्टी नाहीत. डॅटसन 240झेडला 1970 ते 1972 या मॉडेलांत हिताचीने बनवलेले एसयू धाटणीचे दोन गोल डोक्याचे कार्बोरेटर होते. 1973मध्ये अमेरिकेच्या धूरनियमांपायी सपाट डोक्याचे, गुंतागुंतीचे आले आणि गरम झाल्यावर गाड्या रस्त्यात बसू लागल्या. तिथले मालक सरळ आधीच्या सालाचे गोल डोक्याचे शोधून बसवतात आणि सुखी होतात. त्यांच्या डेल्कोत वजनं असल्यामुळे कार्बोरेटर बदलला तरी वेगाचा हिशेब बिघडत नाही.

मस्टँग-फाल्कनवाल्यांना एवढंच सांगणं आहे: नवा काहीही बसवा, पण काढलेला 1100 भंगारात देऊ नका. बिल्ला तसाच ठेवून, पेट्रोल पूर्ण काढून, तेलाचा हात फिरवून खोक्यात ठेवा, आणि लोड-ओ-मॅटिकही त्याच्या शेजारी. पुढचा मालक गाडी मूळ रूपात आणायला निघाला तर त्याला ही जोडी एकत्रच लागेल.